सात नंबरचा ठराव

निवृत्तीनंतर माणूस बरंच विसरतो. मीही विसरलो. कुणाच्या डोक्यात कुणी कुऱ्हाड घातली, कुणाची म्हैस कुणी सोडून नेली, सगळं एकात एक मिसळून गेलं. एका वहीचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं समोर उभं राहतं. त्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता. पण एका निर्दोष बाईच्या आयुष्याचं माझ्या हातून मातेरं होणार होतं, आणि ते होता होता राहिलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि पेठ वडगावच्या बाजूच्या एका बाजारगावच्या ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. त्यातली काही अजून हयात आहेत, काहींची मुलं आता मोठ्या पदांवर आहेत.

गावात एक शिक्षण संस्था होती. आसपासच्या गावांत आणि वर शाहूवाडीच्या डोंगराकडे मिळून तिची पाच हायस्कुलं. कारभार अकरा जणांच्या संचालक मंडळाकडे. आमच्या भागात साखर कारखान्याचं संचालकपद मिळालं नाही तर माणूस दूध संघाचं बघतो, तेही नाही मिळालं तर शिक्षण संस्थेचं. त्यामुळे मंडळात शिक्षणाची कळकळ असणारे दोघे-तिघे, आणि बाकीचे मानाच्या खुर्चीसाठी आलेले. मंडळाची बैठक म्हणजे काय, तर चहा, भजी, तासभर गप्पा आणि शेवटी सह्या. बैठकीत ठरलेलं सगळं प्रोसिडिंगच्या वहीत लिहायचं आणि त्याखाली सगळ्यांनी सही करायची. एकदा वहीत उतरलं की तो कायदा.

त्या मे महिन्यात गावातल्या मुख्य शाळेचे हेडमास्तर निवृत्त झाले. सेवाज्येष्ठतेने त्यांच्या जागी यायला हव्या होत्या विज्ञानाच्या बाई. वय पंचेचाळीसच्या आसपास. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतल्या. वडील दुसऱ्याच्या उसात मजुरी करून गेले, आणि ही त्यांची मुलगी वस्तीतली पहिली पदवीधर. तात्पुरता पदभार नियमानुसार त्यांच्याकडेच होता. जूनच्या बैठकीत कायम नेमणुकीचा ठराव झाला. तो कोणाच्या नावाने झाला, यावर सगळं घोडं अडलं होतं. बाई ठरावाची नक्कल मागत होत्या आणि संस्था देत नव्हती. शेवटी त्यांनी कोल्हापूरला शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता सुनावणी, मूळ वही घेऊन हजर राहावे, असं पत्र संस्थेला आलं.

त्याच आठवड्यात सोमवारी संस्थेचे सचिव ठाण्यात फिर्याद द्यायला आले. सुनावणीसाठी संस्थेच्या कचेरीतून आणून हेडमास्तरांच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेली प्रोसिडिंगची वही चोरीला गेली, असं त्यांचं म्हणणं होतं. किल्ली कोणाकडे, तर प्रभारी बाईंकडे. संशय कोणावर, तर बाईंवर.

"ठराव त्यांच्या विरोधात झालाय, सायेब. म्हणून वही गायब केली. सरळ हाय की," सचिव म्हणाले.

खरं सांगतो, मलाही ते सरळ वाटलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत एक शिकलो होतो की चोरी कोणी केली हे कळत नसेल तर ती कोणाच्या सोयीची आहे ते बघावं. बाईंच्या ती सोयीची दिसत होती. फिर्याद नोंदवून घेतली आणि स्टेशन डायरीत लिहिलं.

मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाला ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "वही शाळंच्या प्रयोगशाळंत हाय. बाईंच्या कपाटात. ॲसिडच्या बाटल्यांमागं बघा," एवढं बोलून ठेवला. आमचे हवालदार माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, त्याच तालुक्यातले. ते म्हणाले, "सायेब, खबर देणाऱ्याला बाटल्यासुदीक म्हाईत हायत. बेस हाय." त्यांच्या बोलण्यातली मेख तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. खबर पक्की आहे या आनंदातच मी होतो.

दोन पंच घेतले, शाळेत गेलो. बाईंनी स्वतः कपाट उघडून दिलं. बाटल्यांमागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही निघाली. खिडकीच्या गजांना धरून पोरं बघत होती. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला, पण आवाज चढला नाही. "ही वही मी इथं ठेवलेली नाही," एवढंच त्या म्हणाल्या. असं म्हणणारी माणसं मी रोज बघत होतो.

वही उघडली. जूनच्या बैठकीचा सात नंबरचा ठराव असा होता की मुख्याध्यापकपदी अमुक शिक्षकाची नेमणूक करण्यात यावी. हे अमुक शिक्षक बाईंना चार वर्षांनी कनिष्ठ आणि अध्यक्षांच्या बहिणीचे चिरंजीव. खाली अकरा सह्या. पंचनामा केला, वही मुद्देमालात घेतली आणि बाईंना जीपमध्ये बसवून ठाण्यात आणलं.

इथे मी जे केलं ते लिहायला आजही हात जड होतो. चौकशीसाठी बाईमाणसाला असं ठाण्यात आणून बसवायचं नसतं, हे मला माहीत होतं. आमच्याकडे महिला पोलीसही नव्हती. तरी आणलं, आणि आत खुर्ची द्यायची सोडून बाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. आमचा व्हरांडा बाजाराच्या रस्त्याला लागून. माणूस असा बसला की तासाभरात आपोआप बोलतो, हे त्या काळचं आमचं तंत्र. दांडक्यापेक्षा बाक बरा, असं आम्ही अभिमानाने म्हणायचो.

बाई साडेअकरापासून संध्याकाळी सहापर्यंत त्या बाकावर बसल्या. भाजीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या बायका थबकून बघत होत्या. त्यांनी शिकवलेली पोरं, आता बाप्ये झालेली, मान खाली घालून जात होती. बाईंनी पिशवीतून चाचणीचे पेपर काढले आणि मांडीवर ठेवून तपासायला घेतले. चारच्या सुमारास मी बाहेर आलो.

"काय ठरवलं, बाई? खरं सांगून टाका. वही मिळालीच आहे."

"खरं तेच सांगितलंय, साहेब. ठराव माझ्या नावाने झाला होता. बैठकीत मी शाळेचा अहवाल वाचायला गेले होते, माझ्यासमोर झाला. वहीत आता दुसरं काही असेल तर ते कसं आलं, मला माहीत नाही." मग पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवून म्हणाल्या, "एक विचारू? तुम्ही मला अटक करणार का?"

मी रस्त्याकडे बघितलं.

"अटक झाली की संस्था मला निलंबित करणार. मग शुक्रवारी माझं म्हणणं कोण ऐकणार? नोकरी जाईल ते जाऊ दे, साहेब. आमच्या वस्तीतल्या चौदा पोरी यंदा हायस्कुलात आहेत. मी घरोघरी जाऊन आणल्यात. शिकलीस तर अशी होशील, म्हणून लोक माझ्याकडं बोट दाखवत होते. आता ह्या बाकाकडं दाखवतील."

हे त्या रडून म्हणाल्या असत्या तर मी सवयीने कानाआड केलं असतं. त्या पोरांना गणित समजावून सांगावं तशा म्हणाल्या, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. आपण चुकत तर नाही ना?

सहाला त्यांना घरी सोडलं. त्याच वेळी अध्यक्ष आले. धिप्पाड, पांढरे कपडे, बोलायला अतिशय गोड. "पावणं," म्हणाले (मी कऱ्हाडकडचा, म्हणून ते मला पावणंच म्हणायचे), "बाईमाणूस हाय, मला बी वाईट वाटतंय. पण कायदा म्हंजे कायदा. आणि खरं सांगू का, त्यांच्या हाताखाली काम करायला आपलं गाव अजून तयार न्हाय. हे मी म्हणत न्हाय, गाव म्हणतंय." गावाच्या तोंडून बोलणारी अशी माणसं मी पुष्कळ पाहिली. गावाला मात्र त्यातलं काही ठाऊक नसतं.

बुधवारी सकाळी उपअधीक्षक साहेबांचा फोन. वरून विचारणा होतेय, मुद्देमाल मिळालाय, मग अटक का नाही? "उद्या संध्याकाळपर्यंत दाखवा आणि मोकळे व्हा." मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि जेवणाचा डबा उघडलाच नाही. हाताशी दोन दिवस होते आणि अटक न करण्याला कारण एकही नव्हतं. होती ती नुसती पोटातली धाकधूक, आणि ती केस डायरीत लिहिता येत नाही.

तीन-चार संचालकांना बोलावून विचारलं, जूनमध्ये काय ठरलं होतं? एक डॉक्टर म्हणाले, मी लवकर उठलो. दूध डेअरीचे चेअरमन म्हणाले, "वहीत असंल तेच खरं." एक व्यापारी म्हणाले, अध्यक्षांना विचारा. आपणच केलेला ठराव एकालाही आठवत नव्हता. सर्वांत वयस्क संचालक एक म्हातारे शेतकरी होते, शाळेला जागा देणारे. ते ठार बहिरे, म्हणून त्यांना विचारायचं मी सोडूनच दिलं. ही माझी दुसरी चूक.

वही लिहायचे संस्थेचे हेडक्लार्क. सगळे त्यांना आप्पा म्हणत. तीस वर्षं वही त्यांच्याच हातची. त्यांना आणायला हवालदारांना पाठवलं, तर ते एकटेच परत आले, मागोमाग आप्पांची बायको. ती पदराने तोंड पुसत उभी राहिली.

"दोन दिस झालं, घरात न्हाईत. जेवत नव्हते. जाताना हातातलं घड्याळ काढून देवळीत ठिवलं. तीस वर्षांत त्यांनी घड्याळ काढलेलं न्हाय, सायेब. मला कसं तरी व्हायला लागलंय."

कळंब्याच्या तलावावर कुणाच्या नुसत्या चपला सापडतात तेव्हा काय असतं, हे मी मागच्या नेमणुकीत पाहिलं होतं. सगळ्या ठाण्यांना वायरलेस केला. आप्पांची एकुलती मुलगी संस्थेच्याच शाहूवाडीकडच्या हायस्कुलात हंगामी शिक्षिका होती. तिथे फोन लावला तर पावसाने लाइन बंद. दिवस मावळत आला होता आणि घाटातल्या ओढ्याला पाणी होतं. सकाळी निघायचं ठरलं.

काही सुचेना, तेव्हा ती वही पुढ्यात ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो. आधी मी सातवा ठराव तेवढा वाचला होता. अक्षर मोत्यासारखं. खाडाखोड कुठेच नाही. शाळेला घंटा घेणे, कौले बदलणे, स्नेहसंमेलनाला पाहुणे बोलावणे, आणि प्रत्येक ठरावाखाली सूचक अमुक, अनुमोदक तमुक. चारेक बैठका वाचल्यावर मला जाणवलं की सूचकांची नावं ठरावीक क्रमाने येत आहेत. हवालदारांना बोलावून दाखवलं.

"व्हय की, सायेब. पाण्याची पाळी असती तसं हाय हे," हवालदार म्हणाले. "मागं एकदा ह्यांच्या बैठकीत कुणाचं नाव आधी घालायचं यावरनं खुर्च्या उडाल्या हुत्या. तवापासनं आप्पा पाळीनं नावं घालत्यात. बोललं कोण बी असूं दे. सगळ्यांचा मान सारखा."

आमच्याकडे एका विहिरीवर दहा वाटेकरी असले की उसाला पाणी पाळीने मिळतं. पाळी चुकवली तर माणसं डोकी फोडतात. आप्पांनी तीच रीत वहीला लावली होती. मी कागद घेतला. अध्यक्ष सूचक नसतात, ते सोडून दहा संचालकांना एक ते दहा आकडे दिले आणि पानोपानी मांडत गेलो. तीन वर्षांत पाळी एकदाही चुकली नव्हती. कोणी गैरहजर असेल तर त्याची पाळी परत आल्यावर पहिली.

मग जूनची बैठक आली. सहाव्या ठरावाचा सूचक नववा संचालक. सातव्याला दहावा यायला हवा होता, म्हणजे ते बहिरे म्हातारे. पण सातव्याचे सूचक होते सचिव, दुसऱ्या आकड्याचे, आणि दहावा आला होता आठव्या ठरावाला. सातवा ठराव मधून काढून टाकला तर पाळी बिनचूक जुळत होती.

तीन वर्षं न चुकलेला माणूस नेमका इथेच कसा चुकेल? हवालदार कागदावरून बोट फिरवत म्हणाले, "सायेब, आप्पा गावला पायजे. जित्ता."

गुरुवारी सकाळी निघालो. ओढ्यावर पाणी उतरण्याची वाट बघत तासभर थांबलो. शेतांत गुडघाभर चिखलात भातलावण चालली होती आणि माझं लक्ष सारखं माझ्या घड्याळाकडे. संध्याकाळपर्यंत अटक दाखवायची होती. शाळेच्या आवारात जीप शिरली आणि व्हरांड्यात बसलेला माणूस दिसला, तेव्हा हवालदारांनी हात जोडून वर बघितलं.

आप्पा मुलीच्या वर्गाचा हजेरीचा कॅटलॉग लिहीत बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत. मी समोर बसलो. दम दिला नाही, प्रश्नही विचारला नाही. वही उघडून ठेवली आणि सूचकांच्या नावांवर बोट ठेवत त्यांना मी दिलेले आकडे मोठ्याने वाचत गेलो. सात, आठ, नऊ. मग सातव्या ठरावावर बोट ठेवलं.

आप्पांची मान हलायला लागली. "सायेब, तुमी वाचलासा?"

"वाचलं."

"तीस वर्सं लिवतोय. कुणी वाचलं न्हवतं. नुसत्या सह्या करत्यात. भजी खात्यात, कोऱ्या पानावर सह्या करत्यात, आणि आप्पा, लिवा तुमी मागनं, असं म्हणून जात्यात."

मग सगळं बाहेर आलं. बैठकीत ठराव बाईंच्याच नावाने झाला होता. म्हाताऱ्या शेतकऱ्याने उभं राहून सेवाज्येष्ठता म्हणजे ज्येष्ठता असं ठणकावलं, बाकीच्यांनी माना डोलावल्या, अध्यक्ष नुसते हसले. आठवड्याने सचिवांनी आप्पांना घरी बोलावून सातवा ठराव तोंडी सांगितला आणि आधीच सह्या घेतलेल्या कोऱ्या पानावर लिहून घेतला. मुलगी हंगामी आहे, हे विसरू नका, एवढंच ते म्हणाले होते. पुढे शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आलं. वही सुनावणीत सगळ्यांसमोर वाचली गेली तर म्हातारा ओरडणार. त्यापेक्षा बाईंवर चोरीचा आळ आला तर ठरावाचं विचारतो कोण? प्रयोगशाळेच्या कपाटाची दुसरी किल्ली सचिवांकडेच होती.

"लिवलं मी, सायेब. माझ्याच हातानं लिवलं. न्हाय म्हणायला छाती झाली न्हाय. पण खोट्या ठरावाला पाळी दिली न्हाय. कोण शहाणा वाचंल तर त्याला कळंल, असं वाटलं." आणि म्हातारा माणूस पोरासारखा रडला. "वाचणारा आला तवा बाई बाकावर बसल्या हुत्या म्हनं. हितवर कळलं. घरातनं निघताना घड्याळ काढून ठिवलं ते परत जायचं नाय म्हणूनच. ओढ्यापतुर गेलतो. मग पोरीचं तोंड डोळ्यापुढं आलं, तसा हिकडं आलो."

आप्पांनी लिहायला नाही म्हणण्याचं धाडस केलं नव्हतं, पण खूण ठेवली होती. मी खूण वाचायच्या आधी बाकावरच निकाल लावून बसलो होतो. आमच्या दोघांत भित्रा कोण, हे ठरवायला बसलो असतो तर माझाच नंबर आधी लागला असता.

"आप्पा, हे उद्या शिक्षणाधिकाऱ्यांपुढे सांगावं लागेल. आणि लिहिलंत तुम्ही, तेव्हा आरोपींत तुमचंही नाव येईल. खोटं आश्वासन देत नाही."

आप्पांनी दाराकडे बघितलं. त्यांची मुलगी तास सोडून केव्हाची तिथे उभी होती. चेहरा तिचाही उतरला होता. ती आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक शंभर पानी वही घेऊन आली. बैठकीत बसून आप्पा घाईघाईने टिपणं काढायचे ती कच्ची वही.

"पंधरा दिवसांमागं दिलती. उघडू नकोस म्हणाले, म्हणून उघडली न्हाय," ती म्हणाली. "आप्पा, मला दहावीला विज्ञान त्या बाईंनी शिकवलंय. जावा तुमी. माझी नोकरी हंगामीच हाय, जाईल तर जाऊ दे."

कच्च्या वहीत जूनच्या तारखेखाली पेन्सिलीने लिहिलं होतं: सात, मुख्याध्यापिका, बाई, सेवाज्येष्ठता, सर्वानुमते. पुढे कंसात त्या बहिऱ्या म्हाताऱ्यांचं नाव. तिथल्या तिथे पंच बोलावले, पंचनामा केला, आप्पांचा जबाब घेतला. मग पोस्टातल्या फोनवरून उपअधीक्षक साहेबांना सांगितलं की अटक दाखवता येत नाही. साहेबांनी तेच पुन्हा एकदा वदवून घेतलं. म्हणाले, "उद्या उलटलं तर तुमची बदली कुठे होईल ते मी सांगत नाही." मी म्हणालो, "हो सर."

शुक्रवारी अकराला कोल्हापुरात शिक्षणाधिकाऱ्यांच्या दालनात सगळे जमले. अध्यक्ष हसतमुख, सचिव बाजूला. बाई कोपऱ्यात. मी दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या. आप्पा उभे राहिले, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. बघता बघता मिनिट गेलं. अध्यक्ष खाकरले. माणूस जबाब देतो आणि ऐन वेळी फिरतो, हे मी शंभर वेळा पाहिलं होतं.

तेवढ्यात बहिरे संचालक उठले. हवालदारांनी सकाळी स्वतःच्या डोक्याने त्यांना एसटीत बसवून आणलं होतं, आणि काय चाललंय हे पाटीवर लिहून दाखवलं होतं. म्हाताऱ्याने वही हातात घेतली, सातव्या ठरावाखालची आपली सही बघितली आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "सही माझी हाय! पर तवा पान कोरं हुतं! आणि बाईंचा ठराव म्या मांडला हुता, ह्या सचिवानं न्हवं!"

मग आप्पांना वाचा फुटली. डॉक्टरांनाही एकदम सगळं आठवलं. डेअरीच्या चेअरमनांनाही. एकाने तोंड उघडलं की बाकीच्यांची स्मरणशक्ती कशी परत येते, हा माझ्या नोकरीतला एक न सुटलेला चमत्कार आहे.

पंधरा दिवसांत बाईंच्या नेमणुकीला मान्यता आली. सचिवांवर आणि अध्यक्षांवर बनावट दस्तऐवज आणि खोटी फिर्याद यांचा गुन्हा दाखल झाला. आप्पांचंही नाव त्यात घालावं लागलं. खटला इतकी वर्षं चालला की निकालाआधी अध्यक्ष वारले. आप्पा पुढे माफीचे साक्षीदार झाले. त्यांची मुलगी नंतर दुसऱ्या संस्थेत लागली. मोठं यश वगैरे काही नाही. एका बाईला तिचं होतं तेच मिळालं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. कोऱ्या कागदावर सही करू नका, हे तर सगळेच सांगतात. मी वेगळं शिकलो. ज्याला बोलायची भीती वाटते तो माणूसही कुठेतरी काहीतरी लिहून ठेवतो, आणि ते वाचायची जबाबदारी आपली असते. आणि माणसाला अटक करण्याआधीसुद्धा शिक्षा देता येते. मी दिली होती. तिची नोंद कुठल्याही डायरीत नाही.

त्या नोव्हेंबरमध्ये तपासासाठी जप्त केलेलं शाळेचं बाकीचं दप्तर परत करायला मी स्वतः गेलो. माफी मागायचं मनात होतं. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बाई होत्या. मी वह्या टेबलावर ठेवल्या आणि पोचपावती पुढे केली.

"वाचल्याशिवाय सही करत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल. आत कारकुनांचं काम चाललंय. बाहेर बसता का जरा?"

बाहेर पालकांसाठी बाक होता. मी बसलो. युनिफॉर्ममध्ये, टोपी मांडीवर. मंगळवार होता, शाळेच्या फाटकासमोरून बाजाराची माणसं जात होती आणि प्रत्येक जण वळून बघत होता. बाईंनी हे मुद्दाम केलं की नाही, मला आजवर कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. तासभर झाला. मधली सुट्टी झाली. वस्तीकडच्या दोन मुली पाण्याच्या टाकीकडे जाताना माझ्यासमोर थांबल्या.

"फौजदार बाहीर का बसलाय गं?" एकीने विचारलं.

दुसरीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "काय तरी केलं असंल."

मी मान खाली घातली. केलं होतं.